५६५ वरचा एफएसके डिमॉड्युलेटर एकाच बिटवर अडकतो किंवा कचरा अक्षरे देतो: समस्या निवारण

एफएसके म्हणजे ० आणि १ साठी दोन वेगळे टोन, आणि डिमॉड्युलेटर त्यांचे पुन्हा बिट करतो. ५६५ हा फेज लॉक्ड लूपचा आयसी: त्याच्या आतला व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) येणाऱ्या टोनच्या मागे चालतो, त्यालाच लॉक म्हणतात. आधी लक्षणे जुळवून बघा. दोष कुठे आहे हे निम्म्या वेळा लक्षणच सांगते.

• आउटपुट कायम ५ व्होल्ट किंवा कायम शून्य. इनपुटला दोन्ही टोन येतात, पण आउटपुट हलत नाही.
• सकाळी डेटा नीट येतो, दुपारी दोन-तीनला बिघडतो, रात्री पुन्हा सुरळीत.
• कॅपिटल यू सारखे एकच अक्षर पाठवले तर बरोबर येते, साधा मजकूर पाठवला की चुका.
• बिट बदलताना आउटपुटला बारीक काट्यांची झुंबड.
• सर्किट चालू केल्यावर लॉक होत नाही. प्रीसेट (ट्यूनिंगचा बदलता रेझिस्टर) हलवून एकदा लॉक झाले की मात्र टिकते.
• अक्षरे चुकीची, पण दर वेळी तीच चूक.

टोन बंद असताना आउटपुट वेडेवाकडे फडफडत असेल तर तो बिघाड नव्हे. इनपुटला काहीच नसले की पिन ७ आणि पिन ६ जवळपास एकाच पातळीवर येतात आणि कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करून ० किंवा १ देणारा आयसी) नॉइजवर नाचतो. ५६५ मध्ये कॅरियर, म्हणजे टोन आहे की नाही, हे ओळखण्याची सोय नाही. ती हवी असेल तर एक्सआर २२११ वापरा, त्यात लॉक डिटेक्टची वेगळी पिन आहे.

पुढचे सगळे आकडे या सर्किटचे आहेत: टोन १०७० आणि १२७० हर्ट्झ, वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट (जुन्या बेल १०३ मोडेमची जोडी, १२७० म्हणजे मार्क किंवा १, १०७० म्हणजे स्पेस किंवा ०). ५६५ ला ±६ व्होल्ट. पिन ९ वर ०.०४७ मायक्रोफॅरड. पिन ८ पासून धन सप्लायकडे ४.७ किलोओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये २ किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट. पिन ७ पासून धन सप्लायकडे लूप फिल्टरचा ०.१ मायक्रोफॅरड. पिन ७ पुढे १० किलोओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरडच्या तीन पायऱ्यांचा लॅडर फिल्टर, मग एलएम ३११ हा कंपॅरेटर. तुमचे टोन वेगळे असतील तर सूत्रे तीच राहतात, आकडे नव्याने काढा.

सगळा खेळ पाव व्होल्टाचा

५६५ च्या व्हीसीओची संवेदनशीलता सेकंदाला ५० × मधली फ्रिक्वेन्सी ÷ एकूण सप्लाय इतके रेडियन प्रतिव्होल्ट असते. ११७० हर्ट्झ आणि १२ व्होल्ट घातले की सुमारे ७७५ हर्ट्झ प्रतिव्होल्ट येते. म्हणजे ±१०० हर्ट्झच्या शिफ्टसाठी पिन ७ फक्त ±१३० मिलिव्होल्ट हलते, आणि प्रत्येक १० हर्ट्झला १३ मिलिव्होल्ट. मधली फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ सरकली की दोन्ही टोन कंपॅरेटरच्या एकाच बाजूला जातात आणि आउटपुट अडकते. तेव्हाही लूप अगदी व्यवस्थित लॉक झालेला असतो! लोक इथेच फसतात. लॉक दिसतो, म्हणून ट्यूनिंगवर संशय घेत नाहीत आणि आयसी बदलत बसतात.

१. सप्लाय आणि तीन तारा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे. मल्टिमीटर पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर लावू नका, थेट आयसीच्या पायांवर लावा: पिन १० वर +६, पिन १ वर −६. ब्रेडबोर्डची लांब पट्टी मध्येच तुटलेली असते, त्यामुळे अर्ध्या बोर्डाला सप्लाय पोचतच नाही. दोन्ही सप्लायना आयसीच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड लावा.

मग पिन ४ आणि पिन ५ मधली जोडतार बघा. ही नसेल तर लूप उघडा राहतो. व्हीसीओ आपला चालूच असतो, पिन ४ वर चौकोनी तरंग झकास दिसतो, पण इनपुट बदलले तरी पिन ७ ढिम्म हलत नाही.

पिन ७ आणि ८ मध्ये ०.००१ मायक्रोफॅरड हवाच. तो नसला की कंट्रोलच्या भागात परजीवी दोलने सुरू होतात. सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) ती जाड, धूसर रेषेसारखी दिसतात आणि कुणालाही ती बाहेरची नॉइज वाटते.

२. इनपुटची पातळी

पिन २ आणि ३ मध्ये १ व्होल्टपेक्षा जास्त फरक या आयसीला चालत नाही. फंक्शन जनरेटरचा ५ व्होल्टचा टीटीएल तरंग थेट पिन २ ला देणे ही फार नेहमीची चूक आहे, आणि ती आयसीला महागात पडते. पीक-टू-पीक १०० ते ५०० मिलिव्होल्ट ठेवा. याच्या फार खाली गेलात तर फेज डिटेक्टरचा (इनपुट आणि व्हीसीओची तुलना करणाऱ्या भागाचा) गेन उतरतो, लॉक रेंज (लॉक टिकून राहतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आक्रसते आणि चालू केल्यावर पकड बसत नाही.

संगणकाच्या हेडफोन जॅकमधून टोन देत असाल तर ०.१ मायक्रोफॅरड, त्याच्यापुढे १० किलोओहम, मग पिन २, आणि पिन २ पासून ग्राउंडला १ किलोओहम. सिग्नल अकरापट उतरतो, म्हणजे पीक-टू-पीक २.८ व्होल्टचे साधारण २५० मिलिव्होल्ट होतात. पिन ३ लाही ग्राउंडकडे तेवढाच १ किलोओहम द्या. दोन्ही पिनांना डीसी रेझिस्टन्स सारखा दिसला नाही तर बायस करंटमुळे फेज डिटेक्टरमध्येच ऑफसेट येतो आणि तुम्ही तो प्रीसेटने झाकत राहता. पिन ३ मोकळी सोडू नका.

चाचणीचा सिग्नल ऑडॅसिटीत दोन टोन बनवून मिळतो. लिनक्सवर मिनीमोडेम ३०० बॉडला हीच जोडी देतो, मजकूर टाइप करा आणि टोन ऐका. फाइल बनवताना एमपी३ करू नका, वेव्हच ठेवा.

३. मोकळी फ्रिक्वेन्सी

इनपुट काढा, पिन २ वरचा १ किलोओहम तसाच राहू द्या. पिन ४ वर काउंटर किंवा हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर लावा. सूत्र ०.३ ÷ (रेझिस्टन्स × कॅपॅसिटन्स). ०.०४७ मायक्रोफॅरडला ११७० हर्ट्झसाठी सुमारे ५.४५ किलोओहम लागतात. आपल्या जोडणीत प्रीसेट शून्यावर असताना साधारण १३५८ आणि पूर्ण फिरवल्यावर ९५३ हर्ट्झ मिळते, म्हणजे ११७० अर्ध्याच्या जरा अलीकडे येते.

प्रीसेट एका टोकाला नेऊनच ११७० जमत असेल तर कॅपॅसिटरची किंमत छापल्याप्रमाणे नाही. आत्ताच बदला, उद्या तोच दगा देईल. फ्रिक्वेन्सी मुळीच येत नसेल तर पिन ९ बघा. ±६ व्होल्टवर तिथे २.४ व्होल्ट पीक-टू-पीकचा त्रिकोणी तरंग आणि पिन ४ वर ५.४ व्होल्टचा चौकोनी तरंग हवा. टायमिंग रेझिस्टन्स २ ते २० किलोओहमच्या बाहेर नेऊ नका, ४ किलोओहमच्या आसपास हा आयसी सर्वांत सुखी असतो. म्हणूनच फ्रिक्वेन्सी मोठ्या फरकाने बदलायची असली तर कॅपॅसिटर बदलायचा, प्रीसेट नव्हे.

४. दोन स्थिर टोन आणि खरे ट्यूनिंग

एवढी एक चाचणी मन लावून केलीत तर बहुतेकांचे काम इथेच संपते.

इनपुटला अखंड १०७० हर्ट्झ द्या. मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर, लाल टोक पिन ७ वर, काळे पिन ६ वर. ग्राउंडच्या संदर्भात मोजू नका. ±६ व्होल्टवर पिन ७ सुमारे ४.५ व्होल्टवर बसलेली असते, त्या डोंगरावर १३० मिलिव्होल्टचा खडा दिसत नाही. पिन ६ ही आयसीने त्याच पातळीची दिलेली रेफरन्स आहे. तापमान किंवा सप्लाय बदलला तर दोन्ही बरोबरच सरकतात.

१०७० ला साधारण +१३० मिलिव्होल्ट हवेत आणि १२७० ला −१३०. चिन्ह उलटे वाटले तरी बरोबर आहे, या आयसीत फ्रिक्वेन्सी वाढली की पिन ७ खाली जाते. +२१० आणि −५० असे आले तर केंद्र ८० मिलिव्होल्ट, म्हणजे ६० हर्ट्झ वर बसले आहे. प्रीसेट एकेक फेरा हलवा आणि दोन्ही टोन आलटून पालटून देत दोन्ही आकडे समसमान करा. काउंटरवर बरोबर ११७० दिसण्यापेक्षा ही समानता महत्त्वाची आहे. काउंटर फक्त व्हीसीओ मोजतो, फेज डिटेक्टरचा ऑफसेट त्याला कळत नाही.

दोन्ही टोनना आकडा एकच येतो आणि हलत नाही? मग लूप लॉक झालेला नाही. सीआरओच्या एका चॅनेलवर इनपुट आणि दुसऱ्यावर पिन ४ घ्या, ट्रिगर इनपुटवर. लॉक असेल तर दोन्ही तरंग स्थिर उभे राहतात. इनपुट नेमके केंद्रावर आले की दोघांत पाव आवर्तनाचा फरक दिसतो. काउंटर नसला तरी केंद्र शोधायची ही चांगली युक्ती आहे.

आता जनरेटरची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत आणि कमी करत लॉक कुठे सुटतो ते बघा. लॉक रेंज ±८ × मधली फ्रिक्वेन्सी ÷ एकूण सप्लाय, म्हणजे आपल्याकडे ±७८० हर्ट्झ. ३९० ते १९५० च्या आसपास हवी. त्याच्या निम्मीही येत नसेल तर पुन्हा क्रमांक २ कडे जा.

५. लूप फिल्टरचा कॅपॅसिटर

जास्त फिल्टर म्हणजे जास्त स्वच्छ डेटा, या समजुतीने पिन ७ वर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावलेला बऱ्याच सर्किटांत दिसतो. आयसीच्या आतला ३.६ किलोओहम आणि हा कॅपॅसिटर मिळून कॅप्चर रेंज (ज्या पट्ट्यात लॉक आपणहून बसतो) ठरते. १० मायक्रोफॅरडला ती जेमतेम ±५९ हर्ट्झ येते. आपले टोन १०० हर्ट्झ लांब आहेत, ते पकडीत येणार कसे? १ मायक्रोफॅरडला ±१८६, ०.१ ला ±५८५ च्या आसपास. वर दिलेले ‘एकदा लॉक झाले की टिकते, पण आपणहून होत नाही’ हे लक्षण जवळजवळ नेहमी याच कॅपॅसिटरचे असते, कारण लॉक रेंज आणि कॅप्चर रेंज वेगळ्या गोष्टी आहेत.

०.१ ला लूपचे डॅम्पिंग (हेलकावे शमवण्याची क्षमता) सुमारे ०.४६ येते. ०.२२ केलेत तर ते ०.३ वर उतरते आणि प्रत्येक बिटच्या सुरुवातीला पिन ७ हेलकावे खाते. ०.०४७ ला डॅम्पिंग ०.६५ च्या पुढे जाते, मात्र रिपल (पिन ७ वर उरलेली बारीक लाट) वाढतो. ३०० बॉडसाठी ०.०४७ ते ०.१ याच पट्ट्यात राहा.

६. दुपारी बिघडणारे सर्किट

नागपुरात हा दोष इतर कुठल्याही दोषापेक्षा जास्त भेटतो. जानेवारीच्या पहाटे इथे १० अंश आणि नवतप्यात ४५ च्या वर. बंद डब्यातल्या सर्किटला त्याहून जास्त. पिन ९ वर बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेला स्वस्त सिरॅमिक डिस्क असेल, विशेषतः वाय५व्ही किंवा झेड५यू जातीचा, तर गरम झाल्यावर त्याची कॅपॅसिटन्स टक्क्या-दोन टक्क्यांनी नव्हे, दहा-वीस टक्क्यांनीही घटू शकते. १० टक्के घटली की ११७० चे १३०० हर्ट्झ होतात, म्हणजे वरच्या टोनच्याही पलीकडे. दोन्ही टोन केंद्राच्या खाली, आउटपुट अडकले.

तपासणी सोपी आहे. मोकळी फ्रिक्वेन्सी मोजत असताना हेअर ड्रायरची कोमट हवा आधी फक्त कॅपॅसिटरवर, मग फक्त आयसीवर सोडा. काउंटरचा आकडा कशाने पळतो ते लगेच दिसते. वितळणारे प्लास्टिक सांभाळा.

उपाय म्हणजे पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीस्टायरीन कॅपॅसिटर. पॉलीप्रॉपिलीन अंशाला साधारण २०० पीपीएमने बदलतो, म्हणजे ३५ अंशांच्या फरकाला ८ हर्ट्झच्या आसपास. ५६५ स्वतःही साधारण तेवढाच सरकतो. दोन्ही मिळून वाईटात वाईट १६ हर्ट्झ, म्हणजे पिन ७ वर २० मिलिव्होल्ट, आणि १३० मधून ते सहज सोसता येतात. पॉलिस्टर थोडा जास्त हलतो, तरी चालतो. रेझिस्टर मेटल फिल्म घ्या. एकेरी फेऱ्याचा कार्बन प्रीसेट वापरू नका, धुळीने त्याचा कॉन्टॅक्ट उडतो. आणि ट्यूनिंग सर्किट २० मिनिटे तापल्यावर करा, गार असताना नको.

७. लॅडर आणि कंपॅरेटर

फेज डिटेक्टरमधून इनपुटच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा रिपल निघतो, म्हणजे २१०० ते २५०० हर्ट्झ. ३०० बॉडचा सर्वांत वेगवान डेटा मात्र १५० हर्ट्झचाच. लॅडर यांच्या मधोमध बसतो आणि रिपल चाळीस-पन्नासपट कमी करतो. बिटच्या कडेला काटे दिसत असतील तर तीनपैकी एखादा कॅपॅसिटर सुटलेला असतो. प्रत्येक पायरीनंतर सीआरओ लावत गेलात की सापडतो.

३११ बाबत दोन गोष्टी. पहिली, त्याचे आउटपुट ओपन कलेक्टर आहे: ३११ च्या पिन ७ ला +५ कडे ४.७ किलोओहम आणि त्याचीच पिन १ ग्राउंडला हवी. दुसरी सहसा लक्षात येत नाही. त्याच्या इनपुटना धन सप्लायच्या किमान २ व्होल्ट खाली राहावे लागते. आपला सिग्नल ४.५ व्होल्टवर बसलेला, ३११ लाही +६ च दिले तर तो अगदी काठावर चालतो: एक नग चालेल, दुसरा नाही. प्रयोगशाळेतला ±१२ सप्लाय ३११ ला थेट द्या आणि ५६५ साठी ७८०६ व ७९०६ लावून ±६ करा.

लॅडरचे टोक ३११ च्या ऋण इनपुटला आणि पिन ६ धन इनपुटला जोडले की १२७० ला आउटपुट उंच येते, म्हणजे मार्कला १, टीटीएल पातळीच्या सीरियल इनपुटला हवे तसे. अक्षरे चुकीची पण दर वेळी तीच, या लक्षणात आधी ही जोडी अदलाबदल करून बघा. तरी फरक पडला नाही तर बॉड, पॅरिटी आणि स्टॉप बिट तपासा.

काटे थोडेच उरले असतील तर हिस्टेरेसिस द्या, म्हणजे आउटपुट वर जाण्याची आणि खाली येण्याची पातळी थोडी वेगळी ठेवा: पिन ६ आणि धन इनपुटमध्ये १० किलोओहम, आउटपुटपासून धन इनपुटला १ मेगाओहम. ५० मिलिव्होल्टचा पट्टा मिळतो. पण आउटपुट ० ते ५ मध्ये हलते आणि रेफरन्स ४.५ वर आहे, त्यामुळे निर्णयाची पातळी सुमारे २० मिलिव्होल्ट खाली सरकते, म्हणजे १५ हर्ट्झ. म्हणून हिस्टेरेसिस लावल्यानंतर शेवटचे ट्यूनिंग आउटपुटवर करा. १५० हर्ट्झच्या चौकोनी तरंगाने दोन्ही टोन आलटून पालटून पाठवा आणि आउटपुटचा उंच व खालचा भाग दोन्ही ३.३३ मिलिसेकंद होईपर्यंत प्रीसेट हलवा. मजकुरातल्या चुका यानेच जातात. यू मध्ये बिट सतत बदलतात, त्यामुळे लांबी थोडी चुकली तरी खपते. मजकुरात सलग बिट आले की ती चूक उघडी पडते.

८. नॉइज

कूलर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मोबाइलचा चार्जर, याच क्रमाने बंद करून बघा. रेग्युलेटरमधला ट्रायॅक दर अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे सेकंदाला १०० वेळा काटा सोडतो. काटे बरोबर १० मिलिसेकंदांच्या अंतराने येत असतील तर उगम तिथेच आहे. इनपुटची तार शील्डेड घ्या आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. दोन उन्हाळे कूलरच्या दमट हवेत राहिलेल्या ब्रेडबोर्डवर विश्वास ठेवू नका. सर्किट जमले की व्हेरोबोर्डवर सोल्डर करा.

४०४६ (दुसरा फेज लॉक्ड लूप आयसी) वापरत असाल तर

क्रम हाच. जास्तीचे तीनच मुद्दे: पिन ५ ग्राउंडला हवी, नाहीतर व्हीसीओ बंद राहतो. पिन १० ला ग्राउंडकडे किमान १० किलोओहमचा लोड हवा. आणि नॉइज असलेल्या सिग्नलला पहिला फेज कंपॅरेटर (पिन २) वापरा. दुसरा (पिन १३) कडा मोजतो, एक खोटी कड आली तरी बिचकतो.

९. आयसी बदलणे, आणि कुठे थांबायचे

वरचे सगळे झाल्यावरच आयसी बदला. सॉकेट लावलेले असेल तर मिनिटाचे काम आहे. नवा नग घेतलात तर आधी मोकळी फ्रिक्वेन्सी आणि पिन ७ व ६ मधला फरक मोजा. इनपुट नसताना हा फरक डेटाशीटमधल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो नग परत करा, खोटे किंवा जुन्या बोर्डावरून काढून पुसलेले नग बाजारात येतात.

१२०० बॉड, १२०० आणि २२०० हर्ट्झची जोडी याच सर्किटवर चालवायचा हट्ट सोडा. तिथे एका बिटमध्ये १२०० हर्ट्झचे एकच आवर्तन येते आणि रिपल डेटाच्या इतका जवळ असतो की तीन पायऱ्यांचा लॅडर डेटा न बिघडवता तो फारच थोडा कमी करतो. त्या वेगासाठी एक्सआर २२११ किंवा तयार मोडेम आयसी घ्या.

पुढील ठिकाणी हात लावू नका, जाणकाराला बोलवा:

टेलिफोन लाइन. तिच्यावर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि रिंगच्या वेळी ७५ व्होल्टच्या आसपास एसी. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय काही जोडायचे नाही.

वीजवाहिनीवरचा कॅरियर. कपलिंग कॅपॅसिटरच्या पलीकडे थेट उच्च दाब असतो, ते काम फक्त वीज कंपनीच्या प्रशिक्षित माणसांचे.

कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रातला चालू ४ ते २० मिलिअँपियर लूप. हार्टचा (प्लांटमधल्या उपकरणांच्या डिजिटल संपर्काच्या पद्धतीचा) एफएसके त्यावर फक्त अर्धा मिलिअँपियर हलवतो, पण तुमचा प्रोब चुकून लूप शॉर्ट करू शकतो आणि कंट्रोल रूममध्ये खोटे रीडिंग जाऊन प्लांट ट्रिप होऊ शकतो. इन्स्ट्रुमेंटेशन विभागाच्या परवानगीशिवाय आणि लूप मॅन्युअलवर घेतल्याशिवाय मोजमाप नाही.

सर्किटच्या ग्राउंडला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. सप्लायची गळती किंवा घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

आणि रेकॉर्ड केलेली स्वच्छ वेव्ह फाइल दिली की डेटा बिनचूक येतो, पण रेडिओवरून येत नाही, असे असेल तर तुमचा डिमॉड्युलेटर ठीक आहे. प्रीसेटला आता हात लावू नका. दोष रिसीव्हर, अँटेना किंवा पाठवणाऱ्याकडे आहे. पाठवणाऱ्याचे टोन खरोखर १०७० आणि १२७० आहेत का, हे रिसीव्हरच्या ऑडिओवर काउंटर लावून मोजा आणि ते आकडे घेऊनच रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जा.